‘प्रोफाइल जुळत नाही’ म्हणजे नक्की काय? इंटरनॅशनल स्कूलची ॲडमिशन आणि भेदभाव

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी पाच वर्षांची, पुण्यातल्या एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये सिनियर केजीसाठी फॉर्म भरला होता. मिस्टरांचा ट्रान्सपोर्टचा धंदा, तुम्ही बँकेत, घरात सगळं मराठी, आणि मुलगी जरा उशिरा बोलायला लागली म्हणून स्पीच थेरपी चालू आहे. इंटरॅक्शनला मुलीपेक्षा तुम्हा दोघांनाच जास्त प्रश्न विचारले आणि काही दिवसांनी मेल आला की प्रोफाइल जुळत नाही. तुमच्याच सोसायटीतल्या आयटीवाल्या जोडप्याच्या मुलाला मात्र सीट मिळाली. हा भेदभाव आहे का, आणि असेल तर काही करता येतं का, असं तुम्ही विचारलंय.

तर पहिल्याचं उत्तर, हो, बहुतेक आहे. दुसऱ्याचं उत्तर मुलीच्या वयावर अवलंबून आहे, आणि ही वयाची गोष्ट नव्वद टक्के पालकांना कोणी सांगतच नाही. मी बरीच वर्षं अशा शाळांच्या ॲडमिशन ऑफिसात काम केलंय आणि आता पालकांच्या बाजूने काम करते, त्यामुळे टेबलाच्या दोन्हीकडचं माहिती आहे तेवढं सांगते.

लोकांना वाटतं की निवड इंटरॅक्शनच्या खोलीत होते. तसं नसतं. तुम्ही वेबसाइटवर एन्क्वायरी टाकली की ती एका सॉफ्टवेअरमध्ये लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक, म्हणून जाते, बिल्डर लोक फ्लॅट विकायला वापरतात त्याच जातीचं सॉफ्टवेअर, आणि तिथे प्रत्येक लीडला हॉट, वॉर्म, कोल्ड असा शिक्का असतो. कुठल्या सोसायटीत राहता, वडिलांची कंपनी आणि डेझिग्नेशन, आईचं शिक्षण, आधीची प्रीस्कूल कुठली, घरात कुठली भाषा बोलता, हे रकाने भरले की मुलाला कोणी बघायच्या आधीच अर्धा निकाल लागलेला असतो. शेवटी एक रिमार्कचा रकाना असतो. त्यात मी स्वतः वाचलेले शेरे असे, ‘फादर बिझनेस, इंग्लिश वीक, मदर ओके’, ‘जॉइंट फॅमिली, फी इश्यू होऊ शकतो’, ‘सिंगल मदर, चेक’. मुलाबद्दल एक ओळसुद्धा नसलेले फॉर्म मी पाहिलेत.

मग इंटरॅक्शन. मुलाला ब्लॉक्स नाहीतर पझल देऊन एका कोपऱ्यात बसवतात आणि खरी तपासणी सोफ्यावर चालते. वीकेंडला काय करता, सुट्टीत कुठे जाता, मुलाला कोण सांभाळतं, घरी जेवणात साधारण काय असतं, असे प्रश्न, आणि पालक बिचारे गप्पा समजून उत्तरं देत राहतात. सुट्टीत कुठे जाता हा उत्पन्नाचा प्रश्न आहे. जेवणात काय असतं हा कितीतरी ठिकाणी जात आणि धर्म चाचपायचा प्रश्न असतो. कुठलीही शाळा अमुक जातीचे, अमुक धर्माचे नकोत असं लिहीत नाही, लिहायची वेळच येत नाही, आडनाव आणि पत्ता वाचून ज्याला जे ठरवायचं ते तो ठरवतो आणि वर कारण म्हणून ‘फिट’ हा शब्द टाकतो. मुस्लिम पालकांच्या बाबतीत, एकट्या आईच्या बाबतीत आणि दलित कुटुंबांच्या बाबतीत हे होताना मी पाहिलंय, आणि पगार, शिक्षण, इंग्रजी सगळं अगदी उत्तम असतानाही पाहिलंय.

शाळा असं का करतात? कारण या शाळा शिक्षणाइतकाच शेजार विकतात. पाच-सहा लाख फी भरणाऱ्या पालकाला ‘पीअर ग्रुप’ दाखवायचा असतो, वर्गात कोणाकोणाची मुलं आहेत हेच मार्केटिंग असतं. यात मॅनेजमेंटच एकटी दोषी नाही हेही मला मनापासून सांगायचंय, कारण स्कूल टूरवर येणारे पालक स्वतःच विचारतात की ‘क्राउड’ कसा आहे. आणि तो विचारणारा पालक बऱ्याचदा आपल्यासारखाच मराठी माध्यमातून शिकून वर आलेला असतो, हे बघून मला फार वाईट वाटायचं.

आता कायदा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १३ मध्ये दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्यात, शाळेने कॅपिटेशन फी, म्हणजे डोनेशन, घ्यायची नाही आणि मुलाची किंवा पालकांची कुठलीही चाळणी लावायची नाही. पालकांची, हे नीट वाचा. आणि चाळणी म्हणजे काय तेही कायद्यानेच सांगितलंय, सोडत सोडून एका मुलाला दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरवायची कुठलीही पद्धत. चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत. कॅपिटेशन फी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापट. केंद्राने २३ नोव्हेंबर २०१० ला मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही म्हटलंय की शाळेने प्रवेशाचे निकष जाहीर करावेत, ते वाजवी असावेत, निवड सोडतीने व्हावी आणि पालकांच्या शिक्षणावरून मुलाचं प्रोफाइलिंग अजिबात करू नये. तुम्हाला आलेल्या मेलमध्ये नेमका तोच ‘प्रोफाइल’ शब्द आहे बघा.

‘आमचं बोर्ड परदेशी आहे, आम्हाला आरटीई लागू नाही’ असं काउंटरवरून ऐकवतात, ते चुकीचं आहे. आयबी असो की केंब्रिज, शाळा महाराष्ट्रात आहे, तिला राज्य सरकारची मान्यता लागते, आणि कायद्यात शाळेची जी व्याख्या आहे त्यात सरकारकडून एक पैसा न घेणारी विनाअनुदानित शाळासुद्धा येते. सुप्रीम कोर्टाने १२ एप्रिल २०१२ ला राजस्थानच्या खासगी शाळांच्या केसमध्ये हे शिक्कामोर्तब केलं. सूट आहे ती अल्पसंख्याक संस्थांना, विनाअनुदानितांना २०१२ च्या त्याच निकालाने आणि मग ६ मे २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्याच प्रमती केसच्या निकालाने अनुदानितांसकट सगळ्याच अल्पसंख्याक संस्थांना. आपल्याकडे भाषिक अल्पसंख्याक दर्जासुद्धा मिळतो, गुजराती, सिंधी, हिंदी भाषिक ट्रस्टचा, आणि मुंबई-पुण्यातल्या कितीतरी महागड्या शाळा या दर्ज्यामुळे आरटीईच्या बाहेर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालावरच शंका घेतली आणि तो मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलंय, पण मोठ्या पीठाचा निकाल येत नाही तोवर सूट आहेच. म्हणून पहिली गोष्ट, तुमच्या शाळेकडे अल्पसंख्याक दर्जा आहे का ते शोधा. नसेल तर पुढचं सगळं लागू पडतं.

आता ती वयाची गोष्ट. आरटीईत ‘बालक’ म्हणजे ६ ते १४ वर्षं. आणि इंटरनॅशनल स्कूलची ॲडमिशन होते तिसऱ्या वर्षी, नर्सरीला. दिल्ली हायकोर्टाने फेब्रुवारी २०१३ मध्ये म्हटलं की आरटीईत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागा सोडल्या तर नर्सरीच्या बाकीच्या ॲडमिशनला हा कायदा लागत नाही, तिथे शाळा आपले निकष ठरवू शकते. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण इथल्या शाळांचे वकील तोच पुढे करतात. म्हणजे कायद्याने चाळणी बंद केली पहिलीच्या दारात, आणि मुलांना चाळतात नर्सरीच्या दारात, पहिलीपर्यंत वर्ग भरून गेलेला असतो. या सगळ्या विषयातली सगळ्यात मोठी फट हीच आहे आणि माझ्या मते बाकी सगळ्या तक्रारींपेक्षा आधी ही बुजवायला हवी. नवीन शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय, मग चाळणीबंदी सहाव्या वर्षापासूनच का, हे पालक संघटनांनी सरकारला लावून धरलं पाहिजे.

दिल्लीचंच आणखी एक सांगते कारण निकष कुठल्या थराला जातात ते कळेल. जानेवारी २०१६ मध्ये दिल्ली सरकारने खासगी शाळांचे नर्सरी प्रवेशाचे ६२ निकष एका आदेशाने रद्द केले होते. त्यात पालकांचं शिक्षण होतं, शाकाहारी आहात का होतं, दारू-सिगारेट होतं. हे शाळांनी स्वतः, उघडपणे, मार्क देऊन छापलेले निकष. त्यातले काही आणि मॅनेजमेंट कोटा यांच्यावरच्या बंदीला पुढच्याच महिन्यात हायकोर्टाची स्थगिती मिळाली ते सोडा. पण दिल्लीत निदान ते कागदावर होते म्हणून कोणीतरी बोट ठेवू शकलं. आपल्याकडे ते रिमार्कच्या रकान्यात असतात.

२५ टक्क्यांबद्दलही लिहायला हवं, कारण भेदभाव म्हटलं की खरा मार तिथे बसतो. वंचित घटकातली मुलं, म्हणजे एससी, एसटी, भटके-विमुक्त, ओबीसी, दिव्यांग वगैरे, यांना उत्पन्नाची अट नाही, आणि बाकी दुर्बल घटकाला वर्षाला १ लाखाची अट आहे. अर्ज सरकारी पोर्टलवर, सोडत ऑनलाइन, शाळेच्या हातात निवड नाही. सरकार शाळेला परतावा देतं तो दर मुलामागे १७,६७० रुपये, तोही वर्षानुवर्षं थकतो, आणि शाळेची फी त्याच्या वीस-तीस पट. शाळांचं हे म्हणणं खरं आहे आणि परतावा वेळेवर मिळालाच पाहिजे. पण त्याचा राग सहा वर्षांच्या मुलावर काढतात ते अजिबात खपवून घेण्यासारखं नाही. वेगळी तुकडी करणं, सहलीला वगळणं, ‘ॲक्टिव्हिटी फी’च्या नावाखाली असा आकडा सांगणं की आईबापच पोराला काढून घेतील, हे सगळं मी जवळून पाहिलंय. नियमांत सरळ लिहिलंय की या मुलांना वेगळं बसवायचं नाही आणि पुस्तकं, गणवेश, खेळ, लायब्ररी कशातही फरक करायचा नाही.

आणि हे दारच बंद करायचा प्रयत्न झाला होता तो विसरू नका. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला की ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला २५ टक्के लागू नाही. शहरात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची नाहीतर अनुदानित शाळा नाही अशी जागा शोधून दाखवा, म्हणजे जवळपास सगळ्याच सुटल्या असत्या. पालक कोर्टात गेले, मुंबई हायकोर्टाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं.

आता तुमच्या मुलीच्या स्पीचबद्दल. इथे तुमच्या हातात कदाचित सगळ्यात जास्त आहे, पण नीट समजून घ्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ प्रमाणे सरकारी मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची आहे. वाजवी सोय नाकारणं हाच त्या कायद्यात भेदभाव धरलाय. तिथे ‘आमच्याकडे स्पेशल एज्युकेटर नाही’ हे उत्तर चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २८ ऑक्टोबर २०२१ ला प्राथमिकला दहा गरजू मुलांमागे एक स्पेशल शिक्षक असं प्रमाणच घालून दिलंय. पण उशिरा बोलणं म्हणजे आपोआप कायद्यातलं दिव्यांगत्व होत नाही. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनचं काही निदान असेल, ऑटिझम किंवा श्रवणदोष असं काही, तरच तो कायदा थेट लागतो. नुसता स्पीच डिले असेल तर तो मुद्दा जपून मांडा, ताणून धरू नका, नाहीतर बाकीची तक्रारही हलकी पडते.

बरेच पालक घाबरून थेरपीचं लपवतात. मी लपवू नका म्हणते, पण अख्खी फाइलही देऊ नका. थेरपिस्टकडून एक पानाचं पत्र घ्या, त्यात निदानापेक्षा वर्गात काय लागेल ते हवं, सूचना दोनदा सांगाव्या लागतील, उत्तराला जरा वेळ द्यावा लागेल, पुढच्या बाकावर बसवलं तर बरं, एवढंच. असं पत्र समोर असलं की वर्गशिक्षिका ‘हे मला जमेल’ म्हणते. जाडजूड रिपोर्ट बघितला की कोऑर्डिनेटर शॅडो टीचरचा, म्हणजे वर्गात फक्त तुमच्या मुलीसोबत बसणाऱ्या वेगळ्या शिक्षिकेचा, विषय काढते आणि तिचा पगार तुमच्या डोक्यावर येतो.

घरात मराठी हा मुद्दा तर मला फार लागतो. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी शिकवणं सगळ्या बोर्डांना सक्तीचं आहे, शाळेने पाळलं नाही तर लाखापर्यंत दंड आहे. ज्या शाळेला मराठी शिकवायचीच आहे तिने घरी मराठी बोलतात म्हणून पाच वर्षांच्या पोरीचा नंबर खाली सरकवावा याला काय म्हणायचं. आणि शाळा आयबीची असेल तर अजून एक हत्यार आहे तुमच्याकडे. आयबी आपल्या शाळांकडून लेखी धोरणं मागते, प्रवेशाचं, इन्क्लूजनचं (वेगळ्या गरजा असलेल्या मुलांना सामावून घेण्याचं), भाषेचं. भाषेच्या धोरणात मुलाच्या मातृभाषेला आधार देण्याबद्दल लिहावं लागतं. शाळेकडे ही तीन कागदपत्रं असायलाच हवीत, तुम्ही फक्त मागायची. आयबी स्वतः कुणाला ॲडमिशन द्यायला लावत नाही, तिकडे तक्रार करून सीट मिळेल अशी आशा ठेवू नका, पण स्वतःच्याच धोरणातलं वाक्य पालकाने मेलमध्ये टाकलं की प्रिन्सिपलला उत्तर द्यावं लागतं.

कुणी म्हणेल मग शाळेने निवडायचंच नाही का. निवडावं, पण आधी जाहीर करून. सख्खं भावंड आधीच शाळेत आहे, घर जवळ आहे, शिक्षकांची मुलं आहेत, याला प्राधान्य मला वाजवी वाटतं. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य अजिबात नाही, ज्यांच्या आईबापांना तिथे जायला मिळालं त्यांनाच परत मिळणार मग. ‘फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह’ पण वाटतं तितकं सरळ नाही, फॉर्म कधी उघडणार हे ज्यांना आतून कळतं तेच पहिले येतात. बाकी उरलेल्या सीटची पालकांसमोर चिठ्ठी काढावी, यापेक्षा चांगली पद्धत मला अजून कोणी दाखवलेली नाही. आणि डोनेशनचं एका ओळीत, ते कुठल्याही नावाने मागितलं तरी बेकायदा आहे, राज्यात १९८७ पासून त्याचा वेगळा कायदा आहे, मागितलं तर लेखी मागा आणि पावती मागा, तिथेच बरेच जण गप्प होतात.

तुम्ही आता काय करायचं. आज किंवा उद्या शाळेला एक साधा मेल टाका, चिडून नाही, फोनवर नाही, मेलच. त्यात विचारा की सिनियर केजीला किती जागा होत्या, निकष कोणते आणि ते कुठे जाहीर केले होते, आमच्या मुलीचा अर्ज कुठल्या निकषावर नाकारला, आणि प्रवेश धोरण व इन्क्लूजन धोरणाची प्रत मिळावी. इंटरॅक्शनला काय काय विचारलं ते आठवेल तसं तारखेसकट लिहून ठेवा, दोघांनी वेगवेगळं लिहा. सोसायटीतल्या त्या जोडप्याला यात ओढू नका, त्यांचं मूल तिथे शिकणार आहे आणि त्यांनी काही वाईट केलेलं नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पुणे महापालिका हद्दीत असाल तर एक प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागालाही. मुंबईतले लोक हे वाचत असतील तर त्यांनी महापालिकेचे शिक्षणाधिकारी किंवा आपल्या विभागाचे शिक्षण निरीक्षक. त्याच्या वर राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे, आरटीईवर लक्ष ठेवायचं काम कायद्यानेच त्यांच्याकडे दिलंय. निदान झालेलं दिव्यांगत्व असेल तर दिव्यांग कल्याण आयुक्त, त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे. खासगी शाळेला माहितीचा अधिकार थेट लागत नाही, पण शिक्षणाधिकाऱ्यांकडे आरटीआय टाकून त्या शाळेची मान्यता, अल्पसंख्याक प्रमाणपत्र, दाखवलेली पटसंख्या आणि २५ टक्क्यांच्या जागा हे सगळं मागता येतं, कारण ते त्यांच्या दप्तरी असतं. अर्जात शाळेचा अकरा आकडी यूडायस नंबर, म्हणजे सरकारने प्रत्येक शाळेला दिलेला क्रमांक, टाका, नाहीतर ‘शाळा कोणती ते स्पष्ट नाही’ म्हणून अर्ज परत येतो. तुमच्या नातेवाइकांत कुणी वकील असेल तर पहिल्याच झटक्यात नोटीस पाठवायला सांगतील, ते करू नका, नोटीस गेली की शाळा सगळं वकिलाकडे देते आणि मग तुम्हाला एक कागद मिळत नाही.

सिनियर केजीच्या या सीटसाठी कायद्याने शाळेला भाग पाडता येईल असं मला वाटत नाही, खोटी आशा लावत नाही. पण पहिलीच्या प्रवेशाच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलीची सहा वर्षं पूर्ण होत असतील तर पुढच्या वर्षी ती पहिलीसाठी अर्ज करेल आणि त्या दिवशी कलम १३ पूर्ण तिच्या बाजूने उभं असेल. पहिलीला जागा कमी असतात, सुटलेल्या सीटच भरतात, तरीही निकष लेखी मागायचा आणि पालकांच्या इंटरव्ह्यूला ‘हा कशासाठी’ विचारायचा तुमचा हक्क तेव्हा पक्का आहे. तोवर थेरपी चालू राहू द्या आणि तिच्याशी मराठीतच भरपूर बोला, थेरपिस्टने वेगळं काही सांगितलं नसेल तर इंटरव्ह्यूच्या भीतीने घरात मोडकंतोडकं इंग्रजी सुरू करू नका. शाळेचं उत्तर आलं की त्यातलं नाव-गाव काढून इथे टाका, पुढचा अर्ज कसा लिहायचा ते बघू.